दोन ठिपक्यांची वाटी

चितेतल्या शेणींची रक्षा वरून गार दिसते आणि आत हात घातला की चटका देते. ऋतुजानं हात घातला, चटका बसला, आणि तिनं हात तसाच आत ठेवला. चटका बसतोय म्हणजे आपण जागे आहोत, एवढं तरी नक्की होत होतं. बस जळाल्यापासून तिला त्याचीही खात्री राहिली नव्हती.

"पायाकडनं या ताई, डोक्याकडं शेवटी," भटजी सांगत होते. मागे पंचगंगेच्या काठावर निम्मी पेठ लोटली होती. ऋतुजाचे वडील, खाशाबा नलवडे ऊर्फ बापू, हे पेठेतलं वजनदार नाव. तरुणपणी तालमीच्या मातीत लोळलेला गडी, पण लोक बापूंना ओळखत होते ते कुस्त्यांपेक्षा भांडणं मिटवण्यासाठी. सासू-सुनांचं बिनसो नाहीतर भावाभावांचं फाटो, बापूंना बोलावणं जायचं, आणि बापू चहाच्या दुसऱ्या कपाला दोघांनाही हसवून उठायचे. असा माणूस घाटात बसला आग लागून जावा आणि त्याचं तोंडसुद्धा शेवटचं बघायला मिळू नये, हे कुणाच्याच गळी उतरत नव्हतं.

कमरेच्या जागी तिच्या बोटांना वाटी लागली. खोबऱ्याच्या वाटीएवढी, बाहेरून खरखरीत, आतून गुळगुळीत. ती सापडणार हे ऋतुजाला माहीतच होतं, कारण टायटॅनियम चितेला भीक घालत नाही. बापूंच्या खुब्यात बसवलेली ही वाटी ऋतुजानंच तयार केली होती. 'लेकीनं बापाला हाड करून दिलं' असं पेठेत कौतुकानं सांगायचे. आगीनं तिच्यावर निळी-सोनेरी झाक चढली होती. ही काही नदीत सोडायची नाही, घरी न्यायची, असं मनाशी ठरवत ऋतुजानं ती ओढणीनं पुसली आणि कारखान्यातल्या सवयीनं तिच्या कडेवरून अंगठा फिरवला.

अंगठ्याखाली दोन ठिपके लागले.

तिनं वाटी फिरवून परत चाचपली. मग डोळ्यांसमोर धरली. ठिपके दोनच होते. एक असायला हवा होता.

"काय झालं गं?" तारा आत्यानं विचारलं. ही बापूंची थोरली बहीण. सत्तरी कधीच ओलांडलेली, पण आवाज अजून खणखणीत.

  ऋतुजा म्हणाली, "आत्या, हे बापू नाहीत."

ऋतुजाच्या धंद्याची रीत सांगितल्याशिवाय तिला एवढा धक्का का बसला ते कळायचं नाही. पूर्वी कृत्रिम सांधे चपलांसारखे ठरावीक मापांत यायचे आणि त्या मापाला माणसाचं हाड तासून घ्यावं लागायचं. आता सगळं उलटं झालं होतं. आधी रोग्याच्या हाडाचा स्कॅन घ्यायचा, संगणकावर ते हाड उभं करायचं आणि त्याला बरोबर बसेल असा भाग आखायचा. हे आखण्याचं काम ऋतुजाचं. मग छापायच्या यंत्रात टायटॅनियमची मैद्याहून बारीक पूड केसाहून पातळ थरात पसरायची. लेसरचा किरण हवी तेवढीच पूड वितळवतो आणि ती थिजते. त्यावर दुसरा थर, परत किरण. असे थरावर थर चढून वस्तू तळापासून वाढत येते. तिचा बाहेरचा भाग मुद्दाम जाळीदार ठेवतात, पावासारखा. त्या भोकांत माणसाचं स्वतःचं हाड शिरतं, आणि वर्षभरात धातू कुठं संपला आणि हाड कुठं सुरू झालं ते डॉक्टरलाही सांगता येत नाही.

वाटीच्या पोटात, धातूतच, एक नंबर छापलेला असतो. तो झिजत नाही की जळत नाही, आणि वाचणारं यंत्र तो अंगावरून नुसतं फिरवलं तरी वाचतं. म्हणून दोन वर्षांपूर्वी नवा नियम आला होता. अपघातात देह ओळखू येत नसेल आणि आत असा नंबर सापडला, तर तोच ओळखीचा पुरावा धरायचा, दुसऱ्या तपासण्यांची वाट बघायची नाही. हा नियम करणाऱ्या समितीत तज्ज्ञ म्हणून ऋतुजा बसली होती. 'माणसं चुकतात, नंबर चुकत नाही,' हे वाक्य तिथं तिनंच टाळ्या घेत म्हटलं होतं.

फक्त एक बारीक गोष्ट होती. ऑपरेशनच्या टेबलावर वाटी हातातून पडली तर ऐनवेळी दुसरी कुठून आणायची? म्हणून एका आराखड्यातून दोन वाट्या छापायची पद्धत होती. आराखडा एकच, म्हणून नंबरही एकच. पहिलीच्या कडेला एक ठिपका, जोडीच्या वाटीला दोन. जोडीची वाटी वापरली नाही की ती कारखान्याच्या माणसासमोर वितळवायची. वाचणारं यंत्र ठिपके बघत नाही, ते माणसांच्या बोटांसाठी असतात. आणि बापूंच्या ऑपरेशनला एका ठिपक्याची वाटी ऋतुजानं स्वतः डॉक्टर उपाध्यांच्या हातात दिली होती. टाके पडेपर्यंत ती काचेला नाक लावून उभी होती.

"पोरीला धक्का बसलाय," गर्दीत कुणीतरी हळहळलं. "पाणी द्या तिला."

"मला पाणी नको," ऋतुजा म्हणाली. "ही रक्षा विसर्जन होणार नाही."

भटजींनी असलं काही जन्मात ऐकलं नव्हतं. ते नारळ हातात घेऊन तसेच उभे राहिले. "ताई, मुहूर्त..." एवढंच ते म्हणाले.

"अगं, नंबर जुळला म्हणून तूच सांगितलंस ना पोलिसांना?" आत्या कडाडली. "तूच सही केलीस, तूच अग्नी दिलास. आता लोकांपुढं तमाशा करू नकोस."

अगदी खरं होतं ते. पोलिसांनी नंबर वाचून दाखवला तेव्हा ऋतुजानं तो न बघता पाठ म्हणून दाखवला होता. बापू घाटाखालच्या एका गावाला तालमीतल्या जुन्या जोडीदारांकडं चार दिवस राहायला म्हणून गेले होते, फोन नेहमीसारखा फळीवर ठेवून. 'त्या डबड्यामुळं तुला मी कुठं हाय ते कळतंय, मला सुख लागत नाही,' म्हणायचे. ते लवकर परत निघाले असतील आणि नेमकी हीच बस त्यांना मिळाली असेल, असं ती धरून चालली. त्या जोडीदारांना एक फोन करावा, हे तिला सुचलंसुद्धा नाही. नंबर जुळला होता, मग विचारायचं काय राहिलं?

तिनं अस्थी मडक्यात भरल्या, त्यावर पांढरं फडकं बांधलं आणि गर्दीतून वाट काढत सरळ स्वतःच्या गाडीकडं निघाली. आत्या शिव्या देत देत मागोमाग आली आणि शेजारी बसली.

डॉक्टर उपाध्ये राजारामपुरीतल्या घराच्या अंगणात झाडांना पाणी घालत होते. स्मशानात ते पहिल्या दिवशी येऊन गेले होते. ऋतुजाला बघून ते पाइप टाकून पुढं आले, सांत्वनाचं काहीतरी बोलायला लागले, आणि तिनं तळहातावर धरलेल्या वाटीवर त्यांची नजर गेली.

"कड चाचपा," ऋतुजा म्हणाली.

त्यांनी चाचपली.  पाइपातलं पाणी त्यांच्या चपलांवरून वाहत होतं, त्याचंही त्यांना भान नव्हतं.

"अरे देवा," ते पुटपुटले. "हिंदुराव."

"कोण हिंदुराव?"

"तुझे काका."

ऋतुजाला संताप आला. "डॉक्टर, काहीतरी काय बोलताय? माझे काका माझ्या जन्माच्या आधी पुरात बुडून वारले. घरात कुणालाही विचारा." आणि विचारायला जवळच आत्या होती म्हणून तिनं मागे वळून पाहिलं. आत्या पायरीवर बसली होती. ती बसली नव्हती, कोसळली होती.

डॉक्टरांनी मग सांगितलं, आणि एकदा सांगायला लागल्यावर हातचं काही राखलं नाही. बापूंचं ऑपरेशन झालं त्याच महिन्यात हिंदुरावांचाही खुबा पार गेला होता. दोघा भावांना एकच आजार, नलवड्यांच्या हाडातच होता तो. बापूंनी डॉक्टरांचे हात धरले. हिंदूला वेगळी वाटी करायला दिली तर त्याचा आराखडा माझ्या लेकीच्याच टेबलावर जाणार, वर नलवडे हे नाव बघून ती विचारणार, आणि मला तिला उत्तर देता येणार नाही, असं ते म्हणाले होते.

"मी दोघांचे स्कॅन एकावर एक ठेवून बघितले," डॉक्टर म्हणाले. "एकाचं हाड दुसऱ्याला कधी जुळत नाही ऋतुजा, तुला माहितेय. पण हे जुळे भाऊ, या दोघांत नखाएवढाही फरक नव्हता. तुझी जोडीची वाटी हिंदुरावांना जणू त्यांच्यासाठीच केल्यासारखी बसली."

"आणि ती वितळवली असं तुम्ही मला लिहून दिलंत."

"दिलं. तुमचा माणूस त्या दिवशी आलाच नव्हता, मीच त्याच्या जागी सही केली. एक चांगलं काम केलं असं समजत होतो मी आजपर्यंत."

ऋतुजाला ओरडायचं होतं, पण त्याआधी एक दुसराच विचार तिच्या डोक्यात शिरला आणि तिनं डॉक्टरांची बाही घट्ट धरली. "बसमधल्या सगळ्या देहांवरून यंत्र फिरवलं होतं. एकच नंबर दुसऱ्यांदा आला असता तर यंत्रानं बोंब मारली असती. मग बापू..."

"बापू त्या गाडीत नव्हते," डॉक्टर म्हणाले.

ऋतुजाला हसू फुटलं. खरंच फुटलं, आणि थांबेना. बाप जिवंत आहे! एवढं एकच वाक्य तिच्या डोक्यात थैमान घालत होतं. मग तिची नजर गाडीच्या उघड्या दारातून आत ठेवलेल्या मडक्यावर गेली आणि तिचं तिलाच शरमल्यासारखं झालं. कुणीतरी मेलेलं होतंच. आपण कुणाच्या मरणावर हसतोय?

हिंदुरावांचा फोन नंबर डॉक्टरांकडं होता. तो लागला नाही, लागणार नव्हताच. पण गाव त्यांना माहीत होतं. घाट उतरला की वाघजाईवाडी, थांब्यापासून वर चढावर घर. बापू दरवर्षी जायचे, घरी वेगवेगळ्या गावांची नावं सांगून.

गाडी आपली आपण चालत होती. ऋतुजाला हातांचं काय करावं ते कळत नव्हतं, म्हणून तिनं ते मांडीखाली दाबून ठेवले. आत्यानं मडकं स्वतःच्या मांडीवर घेतलं होतं आणि ती ते खाली ठेवायला तयार नव्हती.

"बोल आत्या," ऋतुजा म्हणाली.

आत्यानं मडक्यावरचं फडकं नीट केलं. "त्यानं जातीबाहेर लगीन केलं," ती म्हणाली. "सुमन नाव पोरीचं. चांगली हुती गं पोरगी, मी बघितली हुती. आमच्या आप्पांनी, तुझ्या आज्यानं, दर्भाचा पुतळा करून जाळला. जित्या पोराचं दहावं घातलं. आम्हा दोघांना शपथ घातली, त्याचं नाव काढायचं न्हाई. मग लोकांना काय सांगायचं? पूर आला हुता त्या साली, तर बुडाला म्हणून सांगितलं."

"आणि बापूंनी ऐकून घेतलं?"

"तुझा बाप जगाची भांडणं मिटवत फिरला ते उगाच नव्हं. घरातलं एक मिटवायचं धाडस झालं न्हाई त्याला. मलाबी न्हाई झालं." आत्याचा खणखणीत आवाज कुठल्या कुठं गेला होता. "परवा चितेपुढं मी बापूसाठी ऊर बडवला. हिंदूसाठी रडायचं राहूनच गेलं की गं. समोर जळत हुता, आणि मी दुसऱ्याच्या नावानं रडत हुते."

ऋतुजाला तिचा राग करायचा होता, पण जमेना. घाटात एका वळणावर रस्ता काळा पडला होता आणि कठड्याचा पत्रा वाकला होता. तिथं गाडीनं आपोआप वेग कमी केला. दोघींनी डोळे मिटून घेतले. त्या काकांना ऋतुजानं कधी पाहिलं नव्हतं. त्यांच्या हाडात तिच्या हातचा धातू मुरला होता, आणि त्यांना अग्नीही तिनंच दिला होता. हे सगळं कुठल्या नात्यात बसवायचं, ते तिला समजत नव्हतं.

वाघजाईवाडीच्या थांब्याला पत्र्याचा निवारा होता आणि बाकावर बापू बसले होते.

ते असे बसले होते जसं काही घडलंच नाही. स्वच्छ लेंगा, हातात पिशवी, टोपी गुडघ्यावर. ऋतुजा गाडीतून उतरली आणि तिथंच खिळली. इतका वेळ बापू जिवंत आहेत हे ती स्वतःला घोकून सांगत होती. डोळ्यांनी दिसल्यावर मात्र तिला विश्वास ठेवणं जड गेलं.

बापूंनी तिला पाहिलं. आधी ते चोरी पकडल्यासारखे दचकले, मग त्यांच्या तोंडावर हळूहळू हसू पसरलं.

"भेटला म्हण की तुला!" ते उठता उठता म्हणाले. "मला वाटलं, तुझ्या दारातनंच माघारी वळतोय. मी म्हटलं हुतं त्याला, दम धर, मीच सांगतो पोरीला कधीतरी. तर म्हनला, दादा, तू सांगणार म्हणजे माझ्या दहाव्याला सांगणार. मीच जातो कोल्हापूरला, चुलता म्हणून दारात उभा राहतो. तीन दिवसांत येतो म्हनला. तवापास्नं मला घास गोड लागला न्हाई बघ."

ऋतुजानं त्यांना मिठी मारली. अंगाला तंबाखूचा आणि घामाचा वास होता. ती त्यांच्या खांद्यात तोंड खुपसून हुंदके द्यायला लागली आणि बापू कानकोंडे होऊन तिच्या पाठीवर थापट्या मारत राहिले.

"रागाव, माझ्यावर खुशाल रागाव. त्याच्यावर नको. लई साधा हाय तो." मग जरा हळू आवाजात, "त्या गाडीला आग लागली कळलं तवा धस्स झालं हुतं. हाच कुठं त्यात न्हाई ना? सुमननं फोन लावून विचारलं, हिंदुराव नलवडे हाय का म्हणून. न्हाई म्हणाले, समदे ओळखलेत, त्यात हे नाव न्हाई. तवा जिवात जीव आला आमच्या."

"बापू," ऋतुजा म्हणाली. 

"कुठाय? गाडीत बसून राहिलाय व्हय लाजून?" बापू तिला बाजूला सारून गाडीकडं चालायलाही लागले. खिडकीशी वाकले, आणि आत आत्या दिसल्यावर त्यांचे डोळे भरून आले. "ताराक्का! तुलाबी आणलं त्यानं? जितलास रे हिंदू! आज समद्यांना एकत्र जेवायला बसवतो का न्हाई बघ." त्यांनी मागची बाजू बघितली. मग पुढची. गाडीत दुसरं कुणी नव्हतं.

मग त्यांचं लक्ष आत्याच्या मांडीकडं गेलं. पांढरं फडकं बांधलेलं मडकं. बापूंनी पेठेतल्या कितीतरी मयतांना खांदा दिला होता, कितीतरी रक्षा नदीवर नेल्या होत्या. मडक्यात काय आहे ते त्यांना सांगावं लागलं नाही.

"हे कुणाचं गं?" त्यांनी विचारलं.

आत्यानं पदर तोंडात कोंबला. बापूंनी वळून लेकीकडं पाहिलं.

"तुमचं म्हणून आणलं होतं, बापू," ऋतुजा म्हणाली.

वळणावर हॉर्न वाजला आणि कोल्हापूरहून आलेली गाडी थांब्याला येऊन लागली. दार उघडलं. माणसं पिशव्या सावरत उतरायला लागली. बापूंनी एक हात मडक्यावर ठेवला होता, तो त्यांनी काढला नाही. पण मान वळवून ते उतरणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडाकडं बघत राहिले. शेवटचा माणूस उतरला, दार लागलं, गाडी निघून गेली, तरी बघत राहिले.